एका घोंगडीखालची दोन माणसं

मी एक जुना, तेलकट आणि पार दमून गेलेला दगडी पुतळा आहे, छोट्या मित्रांनो. मांजरसुंब्याहून आमच्या गावाकडे उतरणाऱ्या रस्त्याला एक फाटा लागतो. फाट्यावर पत्र्याची शेड आहे आणि शेडच्या तोंडाशी ‘जोडदेव देवस्थान आपले हार्दिक स्वागत करीत आहे’ अशी कमान आहे. त्या कमानीवर विश्वास ठेवू नका. मी देव नाही, कधीच नव्हतो. हे मी आधीच सांगितलं असतं, पण माझ्या दोन्ही तोंडांवर वर्षानुवर्षं बोटभर जाडीचा शेंदूर बसलेला होता.

दोन तोंडं म्हटलं म्हणून दचकू नका. दगड एकच आहे, पण त्यात माणसं दोन आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांनी मिळून डोक्यावर एक घोंगडी धरली आहे, पावसात धरतात तशी. घोंगडीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या हातात, आणि मधले दोन हात एकमेकांत. मुलाचं नाव नाथा आणि मुलीचं पंचशीला. ही नावं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत ती घेणारं माणूस क्वचितच भेटेल.

नाथा हा धुळाजीचा मुलगा. धुळाजी मेंढरं राखायचा. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतात, त्यांच्या लेंडीचं खत होतं म्हणून. अशीच एका वर्षी नाथाची मेंढरं एका रानात बसली होती आणि शेजारच्या रानात पंचशीला आपल्या आईबरोबर, भिमाबाईबरोबर, कापूस वेचायला आली होती. भिमाबाईचं घर गावाच्या दुसऱ्या अंगाला, बौद्ध वस्तीत. नाथा पाणी मागायला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे स्वतःचं पाणी होतं, तरी गेला. ओळख झाली, आणि ओळखीचं पुढे जे होतं ते झालं.

गावाला कळलं तेव्हा दोन्ही घरांत एकाच वेळी चुली विझल्या. धुळाजीला भावकीची लाज वाटली. पंचशीलाच्या वडिलांना भीती वाटली, आणि भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही. त्यांनी लेकीचा एकुलता एक फोटो जाळून टाकला. दोघांनी वर्षभर वाट पाहिली. मग परतीच्या पावसाच्या दिवसांत एका सकाळी ती दोघं नारायणगडावर गेली, देवासमोर एकमेकांच्या गळ्यात हार घातले आणि नवरा-बायको होऊन दिवस मावळायच्या आत गावात परत आली. पळून गेली नाहीत, बरं का. परत आली. माणसं आपलीच आहेत, रागावतील आणि घरात घेतील, असं त्यांना वाटलं असणार.

पाऊस सुरू झाला होता. त्यांनी आधी धुळाजीचं दार वाजवलं. ते उघडलं नाही. मग भिमाबाईचं दार वाजवलं. तेही उघडलं नाही. आभाळ कडाडायला लागलं तशी दोघं नाथाची घोंगडी डोक्यावर धरून या फाट्यावरच्या लिंबाखाली येऊन थांबली. विजेला जात कळत नाही, तिला फक्त उंच झाड कळतं. लोक आले तेव्हा लिंब मधोमध चिरलेला होता आणि घोंगडी दोघांच्या अंगावर तशीच होती.

हे सगळं मी ऐकून सांगतो आहे. तेव्हा मी अजून खाणीतला एक दगड होतो आणि, खरं सांगायचं तर, बरा होतो.

मला घडवलं ते बिभीषण पाथरवटाने. मांजरसुंब्याला ढाब्यांच्या रांगेच्या शेवटी त्याचा तळ असायचा. पाटे-वरवंटे, जाती, उखळं असा त्याचा माल. मेंढपाळांमध्ये मेलेल्या माणसाचा दगड बसवायची रीत जुनी आहे. महिन्याभराने धुळाजी त्याच्याकडे आला आणि नाथाचा दगड करून मागितला. ही बातमी भिमाबाईला लागली. ती पायी चालत तळावर आली आणि धुळाजीकडे न बघता बिभीषणाशी बोलली.

“दादा, एकल्याचा करू नका. मरताना एकला न्हवता त्यो.”

धुळाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला होता. तोही बिभीषणालाच म्हणाला, “एकाच दगडात करा दोघं. दोन दगड केले तर लोक एक उचलून फेकतील.”

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पण तेवढ्या दोन वाक्यांत माझा जन्म झाला.

नाथाचा फोटो होता, जत्रेत काढलेला. पंचशीलाचा नव्हताच. म्हणून भिमाबाई आठ दिवस कामाचा खाडा करून माझ्यासमोर येऊन बसली. बिभीषण विचारायचा, “नाक कसं व्हतं पोरीचं?” ती म्हणायची, “चांगलं व्हतं.” “आन हनुवटी?” “ती बी चांगली व्हती.” बिभीषण कोळशाने चेहरा काढायचा आणि ती मान हलवायची. तो पुसायचा. पुन्हा काढायचा.

“आवो बाई, कशी व्हती त्ये सांगाल का न्हाई?”

“कशी व्हती म्हंजे कसं सांगू? लेक व्हती माझी. बघितली तर वळखीन. सांगता येत न्हाई.”

सहाव्या दिवशी बिभीषणाने छिन्नी खाली ठेवली. तो म्हणाला, “डोळे मिटा. लहानपणी तिचं तोंड कसं धुवत व्हता, तसा हात फिरवा दगडावर.” भिमाबाईने डोळे मिटले आणि हात पुढे केला. माझा तो भाग तेव्हा नुसता खडबडीत होता, पण तिची बोटं थांबत नव्हती. कपाळावरून भुवयांवर, भुवयांवरून नाकाच्या कडेने खाली, मग ओठांभोवती, मग हनुवटीखाली. बिभीषण कोळसा घेऊन त्या बोटांमागून रेघ ओढत गेला. मी आजवर फार हात सोसले आहेत, मित्रांनो. छिन्नीचे, तेलाचे, नारळाचे. तसा हात पुन्हा मला कुणी लावला नाही.

चेहरा पुरा झाला त्या दिवशी भिमाबाईने तो पाहिला आणि पदर तोंडात घातला. बिभीषणाला काही विचारावं लागलं नाही.

मला फाट्यावर, जळक्या लिंबाच्या बुडख्याजवळ उभं केलं. पायाशी दोघांची नावं कोरली. पहिली काही वर्षं मी ज्यासाठी घडलो होतो तेच होतो. रस्त्याने जाणारे लोक थांबत, हे कोण म्हणून विचारत, आणि गावातलं कुणीतरी खाली मान घालून सांगत असे. तेलगावच्या कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेले ट्रकवाले मला चांगलं म्हणत. एका मास्तरांनी शाळेची मुलं आणून माझ्यासमोर उभी केली आणि, काय सांगावं हे न सुचून, त्यांना परत नेलं. माझं कौतुक झालं ते एवढंच, पण ते खरं होतं.

भिमाबाई दर बाजारच्या दिवशी यायची. बाजाराची पिशवी खाली ठेवायची, पदर ओला करायची आणि पंचशीलाचं तोंड पुसायची. नाथाचंही पुसायची, पण जरा घाईने. धुळाजी मेंढरं घेऊन यायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. भिमाबाई लांबून दिसली की तो उठायचा. तो दिसला की ती रस्त्याच्या कडेला थांबून राहायची. दुःख एकच होतं, पण त्याचं ओझं दोघांनी वेगवेगळं वाहिलं.

मग केसरबाई आली.

तिच्यावर माझा राग नाही. ती लांबच्या गावची, आमच्या गावात सोयरीक बघायला आलेली. तिच्या मुलीचं लग्न जुळत नव्हतं, पाच ठिकाणी मोडलं होतं. परत जाताना जीपची वाट बघत ती फाट्यावर उभी राहिली आणि तिला मी दिसलो. डोक्यावर काहीतरी धरलेली जोडी. तिला ती घोंगडी देवाच्या डोक्यावरच्या छत्रासारखी वाटली. वाचता येत नव्हतं, त्यामुळे नावं असून नसल्यासारखी. तिने हात जोडले आणि म्हणाली, “देवा, तुमचं नाव म्हाईत न्हाई मला. पर जोडीनं हाव, तर माझ्या लेकीची बी जोडी जमवा.”

आता बघा माझं नशीब. पंधरा दिवसांत त्या मुलीचं लग्न जमलं.

केसरबाई शेंदूर, तेल आणि नारळ घेऊन आली. आपल्याकडे दगडाला एकदा शेंदूर लागला की त्याची सुटका नसते. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन बाया आल्या. चैत्रापर्यंत माझं नाव जोडदेव पडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बायांनो, ज्यांचं स्वतःचं लग्न एक दिवस टिकू दिलं नाही त्यांच्याकडे तुम्ही लग्न जमवून मागता आहात. पण पुतळ्याने ओरडायचं नसतं, ते आमच्या कामात बसत नाही.

गावातल्या जाणत्या लोकांना तर सगळं माहीत होतं. हा देव नाही, असं त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं तरी शेंदूर थांबला असता. ते बोलले नाहीत. उलट एकेक जण येऊन टिळा लावून गेला. फार विचार केल्यावर मला त्याचं कारण कळलं. माणसाचा पुतळा ठेवला की त्याला उत्तर द्यावं लागतं. देव केला की नुसते हात जोडून भागतं. त्या संध्याकाळी दोन दारं वाजली तेव्हा आजूबाजूची वीस घरं जागी होती, मित्रांनो. त्यांतल्या एकानेही या, आमच्याकडे टेका, असं म्हटलं नव्हतं. त्या वीस घरांना माझं देव होणं फार सोयीचं पडलं.

पुढे ओटा झाला, ओट्यावर फरशी बसली आणि पायाची नावं तिच्याखाली गेली. शेड झाली. लोखंडी जाळी झाली. जागा धुळाजीच्या रानाची होती, त्याने ती मुकाट्याने देऊन टाकली. देखभालीला गहिनीनाथ नावाचा माणूस आला, बाहेरगावचा, साधा आणि श्रद्धाळू. त्याला माझी गोष्ट माहीतच नव्हती. तो रोज पहाटे मला आंघोळ घालायचा, तीही थंड पाण्याने, आणि वरून पुन्हा शेंदूर-तेल चोपडायचा. थरावर थर चढत गेले. आधी पंचशीलाचे ओठ गेले, मग नाक गेलं, मग डोळ्यांच्या जागी कुणीतरी नवसाचे चांदीचे डोळे चिकटवले. ते डोळे इतके वटारलेले होते की लहान मुलं मला घाबरायची.

आणि लग्नसराईचं तर विचारूच नका. जात बघून, पत्रिका बघून, सोळा आणे खात्री करून जमवलेली लग्नं, आणि मग त्या नव्या जोड्या पाया पडायला माझ्याकडे. एका दिवसाला वीस-वीस. बँडवाले निराळे. एखादी मुलगी रडवेली दिसायची, तिच्या मनात दुसरंच कुणी असावं हे मला दगडाला कळायचं, तिच्या आईला कळायचं नाही. मी सगळ्यांना आशीर्वाद दिला असं सगळे धरून चालायचे. मी नुसता थकत होतो.

भिमाबाई मात्र यायची थांबली नाही. शेंदराच्या सुरुवातीच्या दिवसांत ती पदराने पंचशीलाचं तोंड पुसायला गेली, तेव्हा एका बाईने तिला सांगितलं, “मावशी, देवाचा शेंदूर पुसत नसत्यात.” पुढे जाळी झाल्यावर ती बाहेरच उभी राहायला लागली. तिला कुणी अडवलं नाही. अडवायची वेळच येऊ नये याची काळजी तिने स्वतः घेतली. पंचशीलाचे वडील वारले. भिमाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, एकाचं ऑपरेशन झालं ते बिघडलं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच नीट कळायचं. गेल्या वर्षी तिने जाळीबाहेरून गहिनीनाथाला विचारलं, “महाराज, जरासं खरवडून बघू का? बाईच्या तोंडावरचं. हात लावून बघायचंय.”

गहिनीनाथ हसला. “आज्जी, देवाचं तोंड कवा कुणी बघितलंय का?”

ती बरं म्हणाली आणि निघून गेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावरच्या शेंदराची शिसारी आली.

हे झालं माझं जगणं. आता यंदाच्या वैशाखात काय झालं ते सांगतो.

शेंदराचे थर फार झाले की ते एक दिवस कवचासारखे सुटतात. त्याला देवाने खोळ सोडली असं म्हणतात. ती खोळ आपोआप सुटू द्यायची असते. माणसाने हात लावायचा नसतो. सुटली की तिची वाजतगाजत मिरवणूक काढून तलावात विसर्जन करायचं, ही रीत. यंदाचं ऊन असं होतं की माझ्या खांद्यावर एक चीर पडली आणि ती रोज वीतभर सरकायला लागली. गहिनीनाथाने लोकांना सांगितलं, खोळ सुटणार. झालं. तीन गावांतून वर्गणी निघाली, मंडप पडला आणि चौकाचौकात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर खोळ सुटण्याची तारीख छापली होती, वेळसुद्धा, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं.

भिमाबाईला हे कळलं होतं. शेंदूर निघणार म्हणजे आतला चेहरा उघडा पडणार. त्या सकाळी ती आंघोळ करून, पांढरं पातळ नेसून ऊन तापायच्या आत येऊन बसली, जाळीच्या बाहेर, जमिनीवर. शेजारी आलेल्या प्रत्येक बाईला ती विचारत होती, “निघालं का? दिसतंय का तोंड?”

अकरा वाजले, बारा वाजले. खोळ काही सुटेना. हलगीवाले वाजवून दमले. भात तयार होता, वरण गार होत होतं. तरुण पोरं चुळबुळायला लागली. कुणीतरी म्हणालं, “किती वेळ थांबायचं बे? मंडपवाल्याला दुसरीकडं जायचंय.” गहिनीनाथ दोन्ही हात आडवे करून उभा राहिला. “त्याची त्याला सुटू द्या रे, हात लावू नका.” पण त्याचं कोण ऐकतो. तारीख फ्लेक्सवर छापून बसली होती, देवाने ती पाळायलाच हवी होती. एकाने कुठून तरी पहार आणली आणि खांद्याच्या चिरेत घातली.

पहिल्या दणक्याला कवच सुटलं. पंचशीलाच्या बाजूचा मोठा तुकडा, परातीएवढा, अलगद खाली धरलेल्या पिवळ्या कापडावर उतरला. लोकांनी जयजयकार केला. एक क्षणभर, मित्रांनो, तिच्या चेहऱ्याला वारा लागला. बावीस वर्षांनी. आणि तेवढ्यात दुसरा दणका आला. तो खरं म्हणजे नाथाच्या बाजूला मारायचा होता. पहार तेलावरून घसरली आणि पंचशीलाच्या तोंडावर बसली. नाक, ओठ, हनुवटी, सगळं एका ढलप्यासरशी निघालं आणि ओट्यावर त्याचा चुरा झाला.

दगडाला दुखत नाही. पण मला फार वाईट वाटलं. माझ्यासाठी नाही. जाळीबाहेर बसलेल्या त्या पांढऱ्या पातळासाठी.

हलगी बंद पडली. देवाची मूर्ती भंगली म्हणून माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पहारवाला गर्दीत दिसेनासा झाला. गहिनीनाथ रडकुंडीला आला होता. त्याने घाईघाईने कवचाचे तुकडे गोळा केले, ट्रॉलीत ठेवले आणि म्हणाला, आधी हे तलावात सोडू, मग पुढचं बघू.

“दिसतंय का तोंड?” भिमाबाई विचारत होती. शेवटी हिरव्या चुड्यातली एक नवी नवरी तिच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, “आज्जी, बाईचं तोंड फुटलं.”

भिमाबाई उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जाळीच्या आत आली. ओट्यावर चढली आणि हाताने चाचपत माझ्यापर्यंत पोचली. तिचा हात पंचशीलाच्या कपाळावर पडला, खाली आला आणि खडबडीत दगडात अडकला. तिने पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडकला. ती रडली नाही. तिने विचारलं, “वरचं निघालेलं कुठं हाय?”

त्या नवरीने तिला ट्रॉलीपाशी नेलं. भिमाबाईने पिवळ्या कापडात हात घातला, परातीएवढा तुकडा उलटा केला आणि बोटं त्याच्या आत घातली. तुम्ही मोदकाचा साचा पाहिला असेल. शेंदराचा अगदी पहिला, पातळ थर माझ्या दगडावर लागला होता तेव्हा चेहरा शाबूत होता. त्या थराने तो आतून जसाच्या तसा उचलून ठेवला होता. उलटा, खोलगट, पण रेघ न रेघ.

तिची बोटं फिरत राहिली. मग ती म्हणाली, “हाय. हितं हाय. पंचशीला हितं हाय.”

गहिनीनाथ पुढे झाला. “आज्जी, हात नका लावू त्याला. विसर्जनाचं हाय. पाण्यात न्हाई सोडलं तर गावाला बरं न्हाई.”

“एवढा तुकडा मला द्या. बाकीचं सोडा तुमी.”

“देवाचं हाय, आसं कसं देऊ? तुमी कोण तिच्या?”

भिमाबाईने बोटं तुकड्यातून काढली नाहीत. गर्दीतल्या पन्नाशीपुढच्या सगळ्या माणसांना उत्तर माहीत होतं. त्यांच्या माना खाली होत्या. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन चालू केलं.

समोर चहाच्या टपरीवर धुळाजी बसला होता. पंचाहत्तरीचा, काठी टेकणारा. या सगळ्या वर्षांत त्याने माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तो उठला. रस्ता ओलांडायला त्याला फार वेळ लागला. ट्रॅक्टरच्या चाकाला काठी लावून तो उभा राहिला आणि ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

“गहिनीनाथ, त्ये त्यांला दे.”

“बापू, तुमीच आसं म्हणल्यावर कसं व्हायचं? देवाचं हाय.”

“देव न्हाई त्यो,” धुळाजी म्हणाला. “माझा नाथा हाय. आन ती माझी सून हाय. लगीन करून पावसात माझ्या दारात आलते दोघं. नाथा ‘बाबा, बाबा’ करीत व्हता. मी आत बसून आयकलं. उघडलं न्हाई.” त्याला दम लागला. त्याने काठीने भिमाबाईकडे दाखवलं. “आन तुमी कोण म्हणून कावून इचारतो त्यांला? ह्या माझ्या इहीणबाई हायेत.”

इहीणबाई म्हणजे विहीण, आपल्या सुनेची आई. लग्नात मानाने बोलवायचा शब्द आहे हा. नाथा-पंचशीलाचं लग्न गावासमोर मान्य झालं ते तेव्हा, फुटलेल्या दगडासमोर, त्या एका शब्दाने.

गहिनीनाथ माझ्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याने मला आंघोळ घातली होती, पण माणूस म्हणून तो मला पहिल्यांदाच बघत होता. मग त्याने तो तुकडा स्वतः उचलला, पिवळ्या कापडात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी भिमाबाईच्या ओंजळीत ठेवला.

तिने तो छातीशी धरला. सगळ्यांना वाटलं ती आता घरी जाईल. पण ती धुळाजीच्या समोर उभी राहिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली, तीही व्याही म्हणून हाक मारून.

“इवाई, दार मी बी उघडलं न्हवतं.”

धुळाजीने वर पाहिलं.

“मालक घरात व्हते म्हणून सांगितलं मी समद्यांला. न्हवते. मालक रानात अडकलते पावसात. घरात मी एकलीच व्हते. कडी माझ्या हातात व्हती. ‘आये, लई भिजलोय’ म्हणली ती. मला वाटलं, मालक येतील, काय म्हणतील. वाटलं, जाईल कुठं, सकाळी घिऊ घरात.”

एवढं बोलून ती ट्रॉलीच्या कडेला टेकली. धुळाजी तिच्या शेजारी बसला, मधे हातभर अंतर सोडून. पुढे कुणी हलगी वाजवली नाही. भात मात्र केलेला होता, तो वाया कसा घालवायचा, म्हणून लोक गपचूप पंगतीला बसले आणि जेवून आपापल्या घरी गेले. माणसं अशीच असतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत. त्यामुळे मी आता देव राहिलेलो नाही. नव्या संगमरवरी जोडदेवासाठी पुढच्या फाट्यावर जागा बघून ठेवली आहे असं ऐकतो. त्याला माझ्या शुभेच्छा, बिचाऱ्याला थंड पाण्याची सवय करावी लागेल. माझ्या शेडचे पत्रे निम्मे उडाले आहेत, कोपऱ्यात मुंग्यांनी वारूळ धरलं आहे, ओट्यावरची फरशी अजून कुणी काढलेली नाही. बाजारच्या दिवशी भिमाबाई येते, धुळाजीही येतो. फारसं बोलत नाहीत. एकदा तो म्हणाला, “पोरं असती तर नातवंडं लग्नाला आली असती.” ती हूं म्हणाली.

मी फार थकलो आहे, मित्रांनो. मला तेल नको, नारळ नको, डोक्यावर पत्रा नसला तरी चालेल. तुमच्या गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला एखादा दगड असेल, तर हात जोडायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा कोण होता. सांगताना त्यांची मान खाली गेली तर हट्ट धरा आणि पुन्हा विचारा.

आणि आणखी एक. तुम्ही लहान आहात, आज तुमच्या घराची कडी मोठ्यांच्या हातात आहे. उद्या ती तुमच्या हातात येईल. तेव्हा आपलं कुणी तुमचं न ऐकता, तुमच्या मनाविरुद्ध वागून, भिजून दाराशी आलं, तर आधी दार उघडा. अंग पुसायला द्या, चहा टाका. मग खुशाल रागवा. रागवायला पुढे सगळा जन्म पडलेला असतो.